दोन प्लेट, एकच रिपोर्ट

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी लॅब टेक्निशियन आहे मी, नऊ वर्षं झाली, पण ही केस डोक्यातून जातच नाही म्हणून लिहितोय.

कापूस वेचणीचे दिवस होते. पन्नाशीची मावशी, लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, चार महिन्यांत तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून बघायची तपासणी, लिहून दिली. सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढली तर जंतूंच्या दोन प्रकारच्या कॉलनी (ठिपक्यांसारखे पुंजके), दोन्ही गुलाबीच, पण एक कोरडी चपटी म्हणजे ई. कोलाय हा जंतू, दुसरी लिबलिबीत, लूपने (तारेच्या कड्याने) उचलली की शेंबडासारखी तार निघते, ती क्लेबसिएला, म्हणजे दुसऱ्या जातीचा जंतू. दोघांना वेगळं करण्यात एक दिवस गेला, मग वेगवेगळ्या प्लेटवर पसरून अँटिबायोटिकच्या डिस्क ठेवल्या.

औषध चाललं तर डिस्कभोवती स्वच्छ गोल पडतो. इथे सिफोटॅक्सिम, जेंटामायसिन, कोट्रायमॉक्साझोल, टेट्रासायक्लिन, चारही डिस्कच्या अगदी कडेपर्यंत जंतू उगवलेले, ६ मिमीची डिस्क तेवढी उघडी. गोल फक्त अमिकासिन आणि मेरोपेनेमला. आणि दोन्ही प्लेटवर अगदी सेम! मला वाटलं एकच जंतू मी दोन्हीकडे लावला, घामच फुटला, सगळं परत केलं. तेच आलं.

नागपूरच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, अरे एक औषध जंतूची भिंत बनू देत नाही, दुसरं त्याचं प्रोटीन बनणं बंद पाडते, तिसरं फोलिक ॲसिड अडवते, एवढी सगळी एका झटक्यात फेल, आणि तीपण दोन वेगळ्या जातींत, म्हणजे बहुतेक प्लास्मिड आहे. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं छोटं कडं, त्यावर रेझिस्टन्सचे, म्हणजे औषधाला दाद न देण्याचे, जीन एकाला लागून एक बसलेले असू शकतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो, त्या कड्याची कॉपी देतो, स्वतःजवळपण ठेवतो. जात वेगळी असली तरी चालते. जपानमध्ये १९५० च्या दशकात आवेच्या जंतूंवर अशीच चार औषधं एकदम फेल गेली होती, आणि १९५९ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा रेझिस्टन्स ई. कोलायकडून आवेच्या जंतूकडे जातो.

आपल्याकडे म्हणतात जंतूला औषधाची सवय झाली. सवय नाही हो, गोळीने साधे मरतात आणि ज्यांच्याजवळ ते कडं आहे ते उरतात, मग सगळी जागा त्यांचीच.

मावशी रिपोर्ट न्यायला आली तेव्हा मी विचारलं, आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या का?

"दोन दिवसात बरं वाटलं बाप्पा, मंग उरलेल्या काहून खायच्या? शेजारनीले देल्ल्या, तिलेबी तसंच जळजळ होत होतं."

"तिला फरक पडला का मावशी?"

"कुठचा पडते. ते काय, बाहेर बाकावर बसली हाये, माह्यासंगंच आली."

मी बाहेर गेलो आणि तिला आधी डॉक्टरांकडे नेलं.