आज शेवटी बाल्डविन पार्कला जाऊन आलो!!

कॅलिफोर्नियात आल्यापासून इन-एन-आउट या बर्गरवाल्या साखळीचा भक्त आहे मी, पण १९४८ मध्ये हॅरी आणि एस्थर स्नायडरनी जिथं सुरुवात केली ते गाव आजवर बघितलंच नव्हतं. मूळ दुकान फ्रीवेमुळे गेलं, पण त्याची हुबेहूब प्रतिकृती उभी केलीय, एवढीशी खोली हो, आणि गाडीतूनच स्पीकरवर ऑर्डर द्यायची सोय त्यांनी तेव्हाच केली होती. तिथं खायला काही मिळत नाही, नुसतं बघायचं, मी मात्र बराच वेळ उभा राहिलो.

मग जवळच्याच त्यांच्या चालू दुकानात गेलो. काउंटरमागं पोरगं अख्खा बटाटा यंत्रात ठेवून दांडा खाली ओढतंय आणि फ्राइज थेट खाली पडतायत, यांच्याकडं फ्रीझर नाही मायक्रोवेव्ह नाही, म्हणूनच ती चव. बायको शाकाहारी, तिला ग्रिल्ड चीज (पाटीवरच्या मेनूत नसतं, मागितलं की देतात), मला डबल-डबल (दोन पॅटी, दोन चीजचा बर्गर) अ‍ॅनिमल स्टाइल, म्हणजे परतलेला कांदा आणि सॉस जास्त. पहिला घास घेतला आणि आठवडाभराचा शीण गेला बघा.

पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत, विमानतळावरनं आधी इथंच आणणार.