औषधाच्या दुकानातलं पेट्रोल

जर्मनीत मानहाइमला राहून दोन वर्षं झाली तरी वीसलोखला जाणं राहूनच गेलं होतं, शेवटी मागच्या शनिवारी गेले. तिथे गावात एक जुनं औषधाचं दुकान आहे, स्टाड्ट-आपोथेके, आणि गाववाले म्हणतात की जगातला पहिला पेट्रोल पंप हाच!

झालं असं की ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ बाई नवऱ्याला, म्हणजे कार्ल बेंझला, न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी गाडी घेऊन माहेरी फोर्त्सहाइमला निघाल्या, सोबत 15 आणि 13 वर्षांची दोन पोरं, अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा या दुकानातून लिग्रोइन घेतलं, म्हणजे कपड्यावरचे डाग काढायचं औषध. मधे इंधनाची नळी तुंबली तर हॅटची पिन घालून साफ केली. हे व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे स्टोव्हला पिन मारली म्हण की!" 😄 सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात हे रोजचंच होतं, त्यामुळे तिला काही विशेष वाटलं नाही.

पण डागाच्या औषधावर गाडी कशी चालते? तर कच्चं तेल म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लहानमोठ्या साखळ्यांची खिचडी, आणि साखळी जेवढी लांब तेवढे रेणू एकमेकांना धरून बसतात, मग उकळायला जास्त उष्णता लागते. तीन-चार कार्बनवाले आपल्या सिलिंडरमधे, साधारण पाच ते बारा म्हणजे पेट्रोल, त्यापुढे रॉकेल, डिझेल आणि तळाला डांबर. लिग्रोइन पेट्रोलच्याच घरातलं, आपोआप उडून जातं, आणि ती वाफ हवेत मिसळली की इंजिनाचं काम झालं. रॉकेलचं तसं नाही, म्हणून तर स्टोव्हला आधी काकडा लावून तापवायला लागायचं ना. आणि तेलाचा डाग तेलाच्याच भावकीत विरघळतो, आपल्याकडे भारी साड्या पेट्रोल वॉशला देतात ते यासाठीच.

कार्ल बेंझबद्दलही सांगायला हवं. वडील रेल्वे इंजिन ड्रायव्हर, पोरगा दोन वर्षांचा असताना गेले. आईने हलाखीतही शिकवलं, पोरगं घड्याळं उघडून दुरुस्त करत बसायचं आणि 15 व्या वर्षी कार्ल्सरूहच्या पॉलिटेक्निकमधे लागलं. गाडीचं पेटंट पुढे 1886 चं. मला तर त्याच्यापेक्षा त्या आईचंच जास्त कौतुक वाटतं, पण तिचं नाव कोण घेतं? योझेफिन.

हे सगळं आईने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "ते डागाचं औषध मिळतं का गं अजून तिकडे? माझ्या पैठणीवर आमटी सांडलीये." विमानात नेऊ देत नाहीत म्हटलं, तर आता रुसून बसलीये.