आमची वाटचाल : ब्लॉक, ब्लेड आणि टँकरचं पाणी

ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून, पातळ कापून काचेवर तपासायची लॅब आम्ही लातुरात सुरू केली, तेव्हा भांडवल काय, तर सोलापूरच्या एका बंद पडलेल्या लॅबमधून उचललेला हाताचा मायक्रोटोम, म्हणजे हे काप काढायचं यंत्र, आणि दाजींच्या दुकानामागचं गोदाम. त्या मायक्रोटोमला वर्षातून एकदा तेल देतो, बाकी त्याचं काही मागणं नाही. मशीनवाले येतात, डेमो देतात, चहा पिऊन जातात. चार मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कापांची सलग रिबन लातूरच्या मे महिन्यात, लाइट गेलेली असताना काढून दाखवा म्हणावं, मग बोलू. नव्या पोरांनो, ब्लेडचा पैसा वाचवू नका. आणि लेबल पेन्सिलनंच लिहा, पेनची शाई मेण काढायच्या झायलीनमध्ये निघून जाते.

पुढची वर्षं अपेंडिक्स, गर्भपिशव्या, गाठी कापण्यात गेली. घर चाललं.

मग २०१६ आलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याआधीच पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लागलं होतं. हिमॅटॉक्सिलिनचा रंग दिल्यानंतर स्लाइड वाहत्या नळाखाली धरावी लागते, तेव्हा ती निळी होते. इथं नळालाच पाणी नाही. टँकरचं पाणी एवढं जड, की वाळलं की काचेवर पांढरे डाग. शेवटी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणून त्यात मॅग्नेशियम सल्फेट आणि खायचा सोडा घातला, आणि त्यात स्लाइड बुडवून काम काढलं. खर्च दुप्पट, रिपोर्ट उशिरा. नेमकं तेव्हाच एका मोठ्या शहरातल्या लॅबनं आमच्या गल्लीच्या तोंडाला कलेक्शन सेंटर टाकलं. स्वस्त दर, शिवाय डॉक्टरला कट. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडं दिवाळीला फराळ दिला, त्यांचे नमुन्यांचे डबे तिकडं जाऊ लागले. दाजी म्हणाले, ‘‘शटर ओढा आता.’’

ओढलं नाही ते मॅडममुळं. त्या पॅथॉलॉजीच्या प्राध्यापक, विषय धमनीतला प्लाक, म्हणजे आतून साचलेला चरबीचा थर. हैदराबादहून रात्रीच्या गाडीनं फॉर्मालिनच्या बाटल्या यायच्या, मानेच्या कॅरॉटिड धमनीतून सर्जननं काढलेले तुकडे. मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, प्लाक किती मोठा यावर सगळं नसतं, त्याच्या वरची टोपी किती जाड ते बघायचं. हृदयाच्या धमनीत ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ टोपी म्हणजे फुटायचा धोका. ती टोपी राखतात स्नायूपेशी, कोलॅजन घालून. पेशीनं टोपी राखायची की भरकटायचं, हे जनुकं चालू-बंद करणारे नियामक ठरवतात. केएलएफ-४ नावाचं प्रथिन उंदरांच्या स्नायूपेशीतून काढलं, तर टोपी जाड झाली. हे २०१५ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठानं दाखवलं. टीसीएफ-२१ उलट बाजूचं, ते पेशींना टोपीकडं नेतं. आणि मायक्रो-आरएनए १४५, म्हणजे आरएनएचा एक चिमुकला तुकडा, हा केएलएफ-४ ला दाबतो. मॅडमना त्यातला १४५ आमच्या स्लाइडवर रंगानं दिसायला हवा होता.

हे तुकडे कॅल्शियमनं दगड झालेले. कॅल्शियम काढायला नायट्रिक आम्ल लावलं तर एका रात्रीत काम, पण आरएनएची वाट लागते. आम्ही ईडीटीएमध्येच ठेवायचो, ते कॅल्शियम हळूहळू ओढून घेतं, द्रावण बदलत, आठवडे लागले तरी. उघड्या हातानंही आरएनए खराब होतो, म्हणून हातमोजे नसलेल्या माणसाला त्या टेबलाजवळ मी उभं करत नाही, दाजींनासुद्धा नाही.

पुढं मॅडमच्या कॉलेजच्या खरेदी विभागानं या कामाचं टेंडर काढलं. सगळ्यात कमी दर, म्हणजे काम त्याच कलेक्शन सेंटरवाल्या लॅबला. तिथून निकाल आला, १४५ कुठल्याच प्लाकमध्ये नाही. वर शेरा, ‘लातूरचे जुने ब्लॉक निकृष्ट’. मॅडमनी स्लाइड माझ्यासमोर ठेवल्या. मी १४५ बघितलाच नाही, आधी यू-६ चा कंट्रोल, म्हणजे तपासणी नीट झाली का ते सांगणारी खूण, बघितला. यू-६ हा सगळ्या पेशींत असणारा आरएनए, तो प्रत्येक पेशीत दिसायलाच पाहिजे. त्यांच्या स्लाइडवर तोही कोरा! कंट्रोलच नाही उमटला, तर ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणी दिला? त्याच रुग्णांचे उरलेले तुकडे आम्ही आमच्या पद्धतीनं केले. यू-६ सगळीकडं, आणि धमनीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशींत १४५ चा जांभळट निळा रंग, टोपीकडं जाताना फिका होत गेलेला. मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठल्याच नाहीत, चहा गार झाला.

टेंडर मात्र त्यांच्याकडंच राहिलं. ‘निकृष्ट’ हा शब्द फाइलमध्ये तसाच आहे, कुणी खोडला नाही. यंदाचं टेंडर निघालंय. दर तोच भरलाय, आणि सोबत पद्धत लिहून जोडली आहे : ईडीटीए, आम्ल नाही.