नंबर पाठवतो, साल सांगाल का?

आठवड्यातून एकदा तरी मला एखाद्या बेस गिटारच्या पाठीवरच्या, नंबर कोरलेल्या धातूच्या पट्टीचा फोटो येतो. खाली ठरलेला प्रश्न: "नंबर दिसतोय ना? मग साल सांगा. आणि फेंडर खरा आहे का, तेही." (फेंडर ही गिटार बनवणारी अमेरिकन कंपनी.) तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत मी गेली सव्वीस वर्षं गिटार दुरुस्त करतोय, आणि नुसत्या नंबरावरून साल मी कुणालाच सांगत नाही.

फेंडरच्या कारखान्यात त्या पट्ट्या खोक्यात पडलेल्या असत. हाताला येईल ती लावायची, क्रम कुणी पाळत नसे. १९६५ च्या अखेरीपासून १९७६ पर्यंत पट्टीवर मोठा 'एफ' कोरलेला असे, पुढे नंबर गिटारच्या डोक्यावर छापायला लागले. म्हणजे पट्टीवरून काळ साधारण कळतो, पण दोन-तीन वर्षं इकडची तिकडे सहज होतात. शिवाय ती चार स्क्रूंवर बसते. ते काढले की कुठल्याही बेसला कुठलीही पट्टी लागते, आणि जुन्या पट्ट्या सुट्ट्याही विकल्या जातात.

गेल्या नवरात्राच्या आधी एक काकू मुलाला घेऊन आल्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे, गरब्याच्या मैदानावर नऊच्या नऊ रात्री उभे असायचे. त्यांचा काळा प्रिसिजन बेस (फेंडरचं एक मॉडेल) पलंगाखाली पेटीत होता. मुलाला तो विकायचा होता. त्याने नंबर शोधून साल काढलं होतं, १९६५. "काका, फक्त शिक्कामोर्तब करा," म्हणाला.

मी आधी तारा सैल केल्या. तारांचा ताण असताना नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, कधीही काढू नका. बडोद्याच्या पावसाळ्यात हे स्क्रू गंजतात, म्हणून प्रत्येकाला तेलाचा थेंब देऊन पंधरा मिनिटं थांबलो. मग नेक उचलली. तिचा जो शेवट बॉडीच्या खाचेत दडलेला असतो, तिथे खरं पान उघडतं. १९६२ पर्यंत तिथे पेन्सिलीने तारीख लिहीत, त्यानंतर शाईचा शिक्का मारायला लागले. काकूंच्या बेसवर होतं: ५ नोव्ह ६६ सी.

मुलाने लगेच वाचलं, "पाच नोव्हेंबर!" इथे बहुतेकांची चूक होते. तो ५ म्हणजे दिवस नाही, प्रिसिजनचा आकडा आहे. फेंडरच्याच जॅझ बेसला ७ असतो. शेवटचं अक्षर नेकच्या वरच्या टोकाची रुंदी सांगतं: ए म्हणजे दीड इंच, सी म्हणजे पावणेदोन. मी मोजपट्टी लावून मोजलं, पावणेदोन भरलं. शाई लाकडात मुरलेली होती आणि स्क्रूची भोकं एकेकच होती. शिक्का खोटाही मारता येतो, म्हणून मी तिथे थांबत नाही.

मग पिकगार्ड, म्हणजे पुढचं झाकण, उघडून पॉटची, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाची, पाठ बघितली. सात आकडे होते, १३७६६३३. पहिले तीन बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस. ३०४ असतं तर स्टॅकपोल. पुढे साल ६६ आणि आठवडा तेहतिसावा, म्हणजे ऑगस्ट. ऑगस्टचा पॉट नोव्हेंबरच्या नेकला शोभतो. पण पॉट फक्त 'याच्याआधीचा नाही' एवढंच सांगतो. फेंडरने १९६६ मध्ये पॉट इतके घेऊन ठेवले होते की ते १९६९ पर्यंत पुरले. त्यामुळे ६६ चे पॉट असलेला ६९ चा बेसही अस्सल असू शकतो. उलट नेक ६६ ची आणि पॉट ७२ चा निघाला, तर तो नंतर बदललाय.

आणि सोल्डर बघायचं. कारखान्याचं सोल्डर पन्नास वर्षांनी निस्तेज, करडं पडतं. तार कापडी वेष्टनाची असते. तिथे चकचकीत नवा थेंब दिसला की कुणीतरी आत गेलंय. कितीदा तरी तो 'कुणीतरी' मीच असतो. धंद्याच्या सुरुवातीला एका जॅझ बेसचे पॉट खरखर करत होते म्हणून मी ते बदलले आणि जुने भंगारात टाकले. मालकाने पुढे विकायला काढला तेव्हा साल सिद्ध करायला आत काहीच उरलं नव्हतं. तो बेस अजून माझ्या मनातून जात नाही. आता आधी क्लीनर मारून बघतो, आणि बदलावाच लागला तर जुना पॉट पाकिटात घालून मालकाच्या हातात देतो.

रंगाची गोष्ट वेगळी निघाली. १९६८ च्या सुमारापर्यंत फेंडरवर पातळ लॅकर असे. ते पिवळं पडतं, त्याला केसाएवढ्या चिरा जातात. शेजारच्या दुकानातून नोटा तपासायचा निळा दिवा आणला. नेकची पाठ त्याखाली फिकट हिरवट-पिवळी चमकली, एकसारखी. बॉडी मात्र मख्ख. खाचेत पाहिलं. कारखान्यात रंग मारताना बॉडी धरायला तिथे काठी स्क्रूने बसवत, त्यामुळे काठीखालची जागा त्या रंगाविना राहते. इथे ती जागाही काळी होती, आणि कडेला टवका उडाला होता तिथून आतला मूळ सनबर्स्ट (मध्ये पिवळसर, कडेला गडद होत जाणारा रंग) डोकावत होता.

पोराचा चेहरा उतरला. रंग बदललेल्या जुन्या बेसची किंमत विकत घेणारे साधारण निम्मीच धरतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

"अहो, तो यांनीच काळा करून आणला," काकू म्हणाल्या. "चौऱ्याऐंशीच्या नवरात्रात. मोटारींना रंग देणारा होता मकरपुऱ्याला, त्याच्याकडून. मी सोबत गेले होते. पोपडे निघाले होते म्हणून. वास आठ दिवस गेला नव्हता घरातून."

कुणी म्हणतं, वरचा रंग खरवडून आतला सनबर्स्ट मोकळा करा. मी करत नाही. काळ्यासोबत खालचाही निघून येतो, आणि मग बेस धड १९६६ चा राहत नाही, धड काकांचाही नाही.

याआधी फेंडर म्हणून आलेल्या दहा बेसपैकी बरेचसे जपानी निघालेत, डोक्यावर फेंडरचं नाव चिकटवलेले. त्यांनाही मी कमी लेखत नाही. १९८२ मध्ये फेंडर जपान सुरू झालं, त्यांचे जेव्ही नंबरचे पहिले बेस मात्सुमोतोच्या फुजिगेनने बनवले, आणि ते इतके नेटके आहेत की मी स्वतः एक वाजवतो. फक्त जपानीला जपानी म्हणून विका.

नेक बसवली, तारा चढवल्या. मुलाने फोन काढला, वर्णन लिहायला. "मग काका, साल कोणतं लिहू?"

"नेक नोव्हेंबर ६६, पॉट ऑगस्ट ६६, रंग १९८४, बडोदा," मी म्हणालो. काकूंनी फोन त्याच्या हातातून घेतला, 'मकरपुरा' असं त्यात घालायला लावलं आणि पेटी बंद केली.