यूकेतून ऑस्ट्रेलियाला जाताना: स्किल्ड व्हिसा आणि तारखांचा हिशोब

मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारनं सेटलमेंटसाठी, म्हणजे इथं कायमचं राहायच्या परवानगीसाठी, पाचऐवजी दहा वर्षं असा प्रस्ताव मांडला, मग जुलैमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट ४१,७०० पाउंडांवर गेली, आणि तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींत ऑस्ट्रेलियाचा विषय फार निघायला लागलाय. यंदा गणपतीत आरती झाली, प्रसाद हातात पडला की कोणीतरी बाजूला घेऊन विचारायचंच, तुमचं कसं झालं, किती पॉइंट्स लागले, एजंट कोण होता. आमचा ऑस्ट्रेलियाचा १८९ क्रमांकाचा व्हिसा हातात आलाय आणि जानेवारीत आम्ही लीड्स सोडून ब्रिस्बेनला चाललोय, म्हणून जे जे कळलं ते एकदा सविस्तर लिहून टाकते.

सगळे पहिला प्रश्न पॉइंट्सचा विचारतात, आणि पॉइंट्स लागतातच, पण या सगळ्या भानगडीत खरं महत्त्व तारखांना आहे असं माझं ठाम मत झालंय. वय कोणत्या तारखेला मोजतात, नोकरी कोणत्या तारखेपासून धरतात, परीक्षेचा निकाल कधीपर्यंत चालतो, ब्रिटनचं आयएलआर (इथं कायमचं राहायची परवानगी) किती दिवस टिकतं, या तारखा कागदावर एकाखाली एक लिहिल्या की निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

आधी मोजणी सांगते. १८९ म्हणजे स्वतंत्र, कायमचा, कुठल्याही राज्यात राहता येतं. १९० ला एखाद्या राज्याचं नॉमिनेशन लागतं, त्याचे ५ पॉइंट्स जास्त मिळतात. ४९१ म्हणजे रीजनल भागातला तात्पुरता, त्याचे १५ जास्त. तिन्हींना किमान ६५ पॉइंट्स आणि इन्व्हिटेशनच्या, म्हणजे अर्ज करायचं बोलावणं येतं त्या, दिवशी वय ४५ च्या आत हवं. पण ६५ झाले म्हणजे फक्त रांगेत उभं राहता येतं, इन्व्हिटेशन जास्त पॉइंट्सवाल्यांना आधी जातं, आणि किती पॉइंट्सला जाईल हे व्यवसायाप्रमाणे बदलतं, नर्स आणि शिक्षकांना कमी पॉइंट्सवर येतं, अकाउंटंट आणि आयटीवाल्यांना पुष्कळ वर जावं लागतं. २०२४-२५ साली १८९ च्या जागा होत्या १६,९०० आणि त्या सगळ्या जगातून अर्ज करणाऱ्यांसाठी, घरच्या माणसांची डोकी धरून.

मी सिव्हिल इंजिनिअर. सांगलीला बी.ई., चार वर्षं पुण्यात नोकरी, मग लीड्सला एमएससी आणि २०१५ पासून इथंच काम. वय छत्तीस, त्याचे २५, डिग्रीचे १५, आठ वर्षांच्या वर अनुभव त्याचे १५, झाले ५५. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, आणि सुरुवातीला ज्या एजंटशी बोलले त्यानं छातीठोकपणे सांगितलं की तुम्हाला इंग्लिशची परीक्षा द्यायची गरजच नाही. हे ऐकून मला खूप राग आला होता, कारण ते अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं सांगून लोकांचे पैसे घेतात. यूकेच्या पासपोर्टवर तुम्हाला कॉम्पिटंट इंग्लिश आपोआप धरतात, बरोबर, पण कॉम्पिटंटचे पॉइंट्स शून्य. आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेत चारही भागांत ७ आले तर १०, चारही भागांत ८ आले तर २०. म्हणजे पासपोर्टवर विसंबून राहिले असते तर मी ५५ वरच अडकले असते, ६५ सुद्धा झाले नसते. तेव्हा पासपोर्ट कुठलाही असो, परीक्षा द्या. आयेल्ट्सऐवजी पीटीई ही परीक्षा देणार असाल तर ७ ऑगस्ट २०२५ पासून त्याचे लागणारे स्कोअर बदललेत, प्रत्येक भागाला वेगवेगळे झालेत, त्यामुळे जुने यूट्यूब व्हिडिओ बघून ७९ या जुन्या स्कोअरच्या मागे लागू नका.

आणि एक, ऑस्ट्रेलियाबाहेर एजंटला रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. म्हणून इथून कोणाला पैसे द्यायचेच असतील तर त्याचं नाव ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन एजंटांच्या सरकारी रजिस्टरमध्ये आहे का ते आधी बघा, ऑनलाइन दोन मिनिटांत कळतं.

अनुभवाचं बोलायचं तर इथल्या बऱ्याच जणांचा समज असा की ब्रिटिश अनुभव म्हणजे भारतातल्यापेक्षा भारी. ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट्समध्ये दोन्ही एकाच रकान्यात जातात, ऑस्ट्रेलियाबाहेरचा अनुभव, बस. फरक पडतो तो तारखेनं, कारण फक्त मागच्या दहा वर्षांतला धरतात. माझी पुण्यातली वर्षं त्यात बसलीच नाहीत. पण तीच वर्षं स्किल असेसमेंटला, म्हणजे आपलं शिक्षण आणि काम तपासून घेतात त्याला, उपयोगी पडली, ते सांगते.

इंजिनिअरांचं असेसमेंट इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते. वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये (एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मान्य करणाऱ्या देशांचा करार) बसणारी डिग्री असेल तर सोपं जातं, यूकेतली अ‍ॅक्रेडिटेड डिग्री त्यात येते, भारत मात्र २०१४ मध्ये पूर्ण सभासद झाला आणि त्यातही ठरावीक कोर्सेसच बसतात, त्यामुळे माझ्यासारख्या त्याआधी पास झालेल्यांना सीडीआर, म्हणजे आपली क्षमता दाखवणारा अहवाल, लिहावा लागतो. यात तीन करिअर एपिसोड, प्रत्येक १,००० ते २,५०० शब्दांचा, प्रत्येक परिच्छेदाला नंबर, आणि शेवटी एक समरी स्टेटमेंट ज्यात कुठली क्षमता कुठल्या नंबरच्या परिच्छेदात दिसते ते दाखवायचं. टीमनं काय केलं ते त्यांना नको असतं, तुम्ही स्वतः काय ठरवलं, काय मोजलं, काय बदललं ते हवं असतं. माझा पहिला एपिसोड पुण्याजवळच्या एका छोट्या पुलाचा होता. तिथं खोदल्यावर खडक ड्रॉइंगमध्ये दाखवला होता त्यापेक्षा बराच खाली लागला आणि मी फाउंडेशनची लोड कॅल्क्युलेशन परत करून साइट इंजिनिअरला सुधारित लेव्हल दिली होती, एवढंच. इथल्या मोठमोठ्या रेल्वे प्रोजेक्टमध्ये माझ्या वाट्याला एकेक तुकडा आला होता, पण त्या पुलावर सगळा निर्णय माझा होता आणि तो एपिसोड लिहायला सगळ्यात सोपा गेला. बाजारात तयार सीडीआर विकत मिळतात, ते अजिबात घेऊ नका, इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया नक्कल तपासते आणि सापडलं तर अर्ज नाकारतात.

नोकरीचे पुरावे मात्र आजपासूनच गोळा करायला लागा, ऑस्ट्रेलियाला जायचं नक्की नसलं तरी. लेटरहेडवर पत्र हवं, त्यात पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, कधीपासून कधीपर्यंत, खाली सही. इथल्या एचआरवाल्यांना हे कळतच नाही, ते दोन ओळींचं पत्र देतात की अमुक व्यक्ती या तारखेपासून या तारखेपर्यंत इथं होती. अशा वेळी आपल्या जुन्या मॅनेजरला गाठायचं. बाकी पी-६० (वर्षाच्या पगार-कराचा दाखला), पेस्लिप, आणि एचएमआरसीकडून, म्हणजे इथल्या कर खात्याकडून, एम्प्लॉयमेंट हिस्टरी मागवता येते, फुकट मिळते.

आता नवऱ्याचं. तो ब्रॅडफर्डला सेकंडरी शाळेत गणित शिकवतो. जोडीदाराचं इंग्लिश कॉम्पिटंट असेल तर ५, आणि त्याचं स्वतःचं स्किल असेसमेंटही झालं असेल, व्यवसाय त्याच यादीत असेल, तर १०. शिक्षकांचं असेसमेंट एआयटीएसएल करते आणि त्यांची इंग्लिशची अट फार कडक आहे, आयेल्ट्स अकॅडेमिकमध्ये ऐकणं-बोलणं ८, वाचणं-लिहिणं ७. इंग्लिश बोलणाऱ्या मोजक्या देशांत चार वर्षं उच्चशिक्षण झालं असेल तर सुटका. त्याचं बी.एस्सी. साताऱ्याचं, इथं केलं ते फक्त एक वर्षाचं पीजीसीई, शिक्षक होण्याचा कोर्स, म्हणजे सुटका नाही. रोज दिवसभर इंग्लंडमधल्या मुलांना इंग्लिशमधून शिकवणारा माणूस संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर टायमर लावून निबंध लिहीत बसायचा. गणितवाला माणूस, त्याचा मुद्दा दोन ओळींत संपतो, आणि तिथं चाळीस मिनिटांत किमान २५० शब्द लागतात. पण त्यानं नेटानं केलं आणि ते दहा पॉइंट्स त्याचेच आहेत, हे मी सगळ्यांना सांगते.

शेवटचे ५ आपल्या मराठीचे! एनएएटीआय या ऑस्ट्रेलियातल्या भाषांतरकार-दुभाष्यांच्या संस्थेची सीसीएल म्हणून एक परीक्षा आहे, तिच्या भाषांत मराठी आहे. ऑनलाइन होते. दोन संवाद असतात, एक बाजू इंग्लिश बोलते, एक मराठी, आणि मध्ये तुम्ही दुभाषी. दवाखाना, भाड्याचं घर, कोर्ट, सरकारी मदत असले विषय. एकेक तुकडा जास्तीत जास्त ३५ शब्दांचा, ऐकताना टिपणं काढता येतात. ९० पैकी ६३ लागतात आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी २९. आम्ही घरी सराव केला, नवरा घरमालक व्हायचा आणि मी मध्ये. इथं इतकी वर्षं राहून आपली मराठी अर्धी इंग्लिश झालेली असते, म्हणून रोज थोडा वेळ मराठी बातम्या ऐकून लगेच मोठ्यानं इंग्लिशमध्ये सांगायच्या, याचा मला फार फायदा झाला. बेळगाव, इंदूर, बडोद्याकडच्या ज्या मराठी घरातल्या लोकांना वाटतं आपली मराठी वेगळी आहे, त्यांनीही बिनधास्त द्यावी.

५५ अधिक २० अधिक १० अधिक ५, झाले ९०. ईओआय, म्हणजे इच्छा कळवायचा ऑनलाइन फॉर्म, भरला, तो फुकट असतो आणि दोन वर्षं राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये इन्व्हिटेशन आलं. त्यानंतर ६० दिवसांत पूर्ण अर्ज करायचा असतो, आणि जे जे पॉइंट्स मागितलेत त्याचे निकाल इन्व्हिटेशनच्या दिवशी हातात असायलाच हवेत, नंतर आणून चालत नाही. इंग्लिशचा आणि सीसीएलचा निकाल तीन वर्षं चालतो, स्किल असेसमेंटही साधारण तेवढंच. फी मी भरली तेव्हा मुख्य अर्जदाराला ४,७६५ ऑस्ट्रेलियन डॉलर होती, जुलै २०२५ मध्ये ४,९१० झाली, जोडीदाराची त्याच्या निम्मी, लहान मुलाची पाव. दर १ जुलैला वाढते.

पोलीस सर्टिफिकेट मागच्या दहा वर्षांत जिथं जिथं मिळून बारा महिने राहिलात त्या देशांचं. मी २०१४ मध्ये निघाले म्हणून मला फक्त यूकेचं, नवरा लग्नानंतर २०१६ मध्ये आला म्हणून त्याला भारताचंही. त्याच्या या भारतातल्या पोलीस सर्टिफिकेटसाठी साताऱ्याला चौकशी गेली आणि सासऱ्यांना पोलीस स्टेशनातून फोन आला, ते बिचारे घाबरले, तेव्हा घरी आधी कल्पना देऊन ठेवा.

मेडिकल सगळ्यांचं होतं आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. घरात कोणाला मोठा आजार किंवा अपंगत्व असेल, विशेषतः मुलांना, तर पैसे भरायच्या आधी त्या विषयातल्या वकिलाशी बोला. त्या व्यक्तीवर होणाऱ्या सरकारी खर्चाचा अंदाज ८६,००० डॉलरच्या वर गेला तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, एकाला नाकारलं की सगळ्या कुटुंबाला नाकारतात, आणि १८९ व १९० मध्ये त्यातून सूट मिळायची सोय नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे खूप उशिरा कळलं. मला हा नियम क्रूर वाटतो.

आता ब्रिटनच्या बाजूच्या तारखा, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. आयएलआर असताना सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलात तर ते संपतं. नवऱ्यानं भारतीय पासपोर्ट ठेवलाय कारण ओसीआयवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) शेतजमीन विकत घेता येत नाही आणि त्याला गावाकडं अजून थोडी घ्यायचीय. म्हणजे दोन वर्षांनी त्याचं आयएलआर संपणार, माझा आणि मुलीचा इथला रस्ता उघडा राहणार, हे आम्ही दोघांनी नीट बसून, वेळ घेऊन ठरवलं. तुम्ही ब्रिटिश नागरिकत्वाच्या जवळ आला असाल तर मला वाटतं ते घेऊनच निघावं, पण त्यात तुमचा चाळिसावा वाढदिवस येत असेल तर थांबा आणि हिशोब करा, कारण ३९ पर्यंत २५ पॉइंट्स आणि ४० लागले की १५. तेहेतिसाव्याला ३० चे २५ होतात, ते एक वेळ भरून काढता येतं, चाळिशीचे दहा भरून काढणं फार अवघड. आणि ब्रिटनची स्टेट पेन्शन ऑस्ट्रेलियात मिळते पण दरवर्षी वाढत नाही, सुरू झाली त्या रकमेवर गोठते, पन्नाशीकडं आलेल्यांनी हे धरून चालावं.

ज्यांची मुलं इथंच वाढली, ब्रिटिश पासपोर्टवाली आहेत, त्यांच्यासाठी वर्किंग हॉलिडे व्हिसा आता फार चांगला झालाय. वय ३५ पर्यंत, आणि जुलै २०२४ पासून शेतावर वगैरे काम न करताही तीन वेळा घेता येतो. त्यांनी आधी जाऊन बघावं. नर्सेसनाही सांगते, एप्रिल २०२५ पासून यूकेत २०१७ पासून १,८०० तास रजिस्टर्ड नर्स म्हणून काम केलेल्यांना तिथल्या रजिस्ट्रेशनचा रस्ता पुष्कळ सोपा झालाय, शिक्षण केरळ-महाराष्ट्रातलं असलं आणि इथली परीक्षा देऊन लागला असाल तरी.

कारण व्हिसा मिळाला म्हणजे काम करायचा परवाना मिळाला असं नाही. क्वीन्सलँडमध्ये इंजिनिअरला स्वतःच्या जबाबदारीवर काम करायचं तर आरपीईक्यू रजिस्ट्रेशन लागतं, ते होईपर्यंत रजिस्टर्ड इंजिनिअरच्या देखरेखीखालीच काम करावं लागतं, आणि मुलाखतीत पहिल्याच फेरीत ते विचारतात. २०३२ च्या ऑलिम्पिकमुळे तिथं कामं खूप आहेत, म्हणून मी निघायच्या आधीच ती तयारी सुरू केलीय. नवऱ्याला क्वीन्सलँड कॉलेज ऑफ टीचर्सचं रजिस्ट्रेशन वेगळं, एआयटीएसएलचं पत्र तिथं पुरत नाही. इथं शिक्षकाला डिसेंबरअखेर सुटायचं तर ३१ ऑक्टोबरच्या आत राजीनामा द्यावा लागतो आणि तिथल्या शाळा जानेवारीअखेरीस उघडतात, म्हणून त्यानं ऑक्टोबरमध्येच राजीनामा दिला, रजिस्ट्रेशनचा अर्जही गेलाय, आणि मुलीच्या शाळेची नावनोंदणी तिथं घराचा पत्ता मिळाला की करणार आहोत.