आमची वाटचाल : खारा वारा आणि सहा आकडे

पतसंस्थांच्या मेळाव्यात आमची ओळख आजही ‘ती टोकने बंद पडली होती ना, ती कंपनी’ अशीच करून दिली जाते. २०१० च्या पावसाळ्यात आमच्या ६०० पैकी २११ टोकनांनी, म्हणजे यंत्र उघडण्यासाठी दर वेळी नवा सहा आकडी कोड दाखवणाऱ्या, हातात मावणाऱ्या साधनांनी, दगा दिला, हे मी कधी नाकारलेले नाही. ती का बिघडली आणि आम्ही ती कशी उभी केली, हे मात्र आजवर कोणी विचारलेले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पुण्यात सहा वर्षे स्मार्ट कार्डांचे सॉफ्टवेअर लिहून मी २००४ साली रत्नागिरीला परतलो आणि मारुती मंदिराजवळ पहिल्या मजल्यावर एक गाळा भाड्याने घेतला. भागीदार मिळाला तो बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. छापील कागदाचा त्याला कंटाळा असे, परंतु सोल्डरिंगचा हात असा की सांधा थंड आहे की पक्का, हे तो भिंगाशिवाय सांगत असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, विजेची लाट पडद्यावर दाखवणारा दोन चॅनेलचा जुना ऑसिलोस्कोप ही आमची सर्वांत मोठी मालमत्ता होती. त्याची रेघ स्थिर व्हायला दहा मिनिटे लागत, आणि ती स्थिर होते न होते तोच भारनियमनाची वेळ येत असे.

आमचे सुरुवातीचे काम पतसंस्थांच्या संगणकांची देखभाल करण्याचे होते. तेथे दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांच्या वसुली यंत्रांच्या पाठीवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली मी इतक्या वेळा पाहिली की शेवटी ती चिठ्ठीच आमच्या धंद्याचे मूळ ठरली. एका एजंटाच्या नावावर दुसऱ्याने पावत्या फाडल्या आणि दोष कोणाचा हे वर्षभर ठरले नाही, असे प्रकरणही त्याच सुमारास पाहिले. डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२२६, म्हणजे बटण दाबल्याच्या मोजणीवरून एकदाच वापरायचा कोड कसा काढावा हे सांगणारा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज, प्रसिद्ध झाला होता. तो मी छापून घेतला आणि एजंटाच्या हातात मावेल असे सहा आकडी टोकन बनवायचे ठरवले.

आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे अगदी लहान संगणकी चिपवर, एचमॅक-शा-१ ही गुप्त किल्लीवरून कोड काढणारी गणनपद्धती बसवणे हे कष्टाचे काम होते, पण त्यात गूढ असे काही नव्हते. खरी फजिती लहानसहान गोष्टींनी केली. पहिल्या नमुन्यात सुरुवातीचे शून्य पडद्यावर उमटत नसे, त्यामुळे सरासरी दहापैकी एका वेळी एजंटाला पाचच आकडे दिसत आणि तो दूरध्वनी करून ‘एक आकडा कुठे गेला’ असे विचारत असे. ते दुरुस्त केले, तोवर गणकाची अडचण उभी राहिली. बटण दाबले की टोकनातला गणक एकाने पुढे जातो, त्यावरून नवा कोड निघतो आणि सर्व्हर पुढचे काही मोजकेच आकडे पडताळून पाहतो. एका एजंटाच्या चार वर्षांच्या मुलाला बटण दाबले की आकडे बदलतात याची मोठी मौज वाटली आणि एका रविवारी त्याने गणक इतका पुढे नेला की सोमवारी वडिलांना यंत्र उघडता येईना. म्हणून गणकाच्या जागी घड्याळ घ्यायचे, म्हणजे कोड वेळेवरून काढायचा असे ठरले. पुढे मे २०११ मध्ये आरएफसी ६२३८ आला आणि ३० सेकंदांची तीच पद्धत जगाचे प्रमाण झाली. वेळेवर चालणारी टोकने परदेशी कंपन्या १९८० च्या दशकापासून विकत होत्या, त्यामुळे शोध आमचा असा दावा मी करीत नाही, पण तो मसुदा वाचताना माझ्या वहीतली पाने आठवून छातीत जरा कळ आली, हे लपवत नाही.

आमचे म्हणून जे होते ते वेगळे होते. टोकनाचे घड्याळ सर्व्हरच्या घड्याळापासून फार ढळले की कोड जुळत नाही. घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यातला २० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत वीसचा, फरक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला सुमारे साडेदहा मिनिटे. शिवाय हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने चालतो आणि तापमान त्याहून वर किंवा खाली गेले की मंदावतो. मोटारसायकलच्या डिकीत सतत ४५ अंश सोसणारे टोकन केवळ उष्णतेपायी दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडते. म्हणून प्रत्येक टोकनाच्या घड्याळाची तफावत सर्व्हरमध्ये लिहून ठेवणारा आणि एप्रिल-मे महिन्यांत ते किती मागे पडेल याचा आधीच अंदाज बांधणारा एक तक्ता मी तयार केला, त्याला आम्ही ‘उन्हाळी खाते’ म्हणत असू. पेटंट घ्यावे म्हणून सल्लागाराकडे गेलो, तर त्याने पेटंट कायद्यातील कलम ३(के) समोर ठेवले. केवळ संगणक आज्ञावली आणि गणनपद्धती यांना आपल्याकडे पेटंट मिळत नाही. आमच्या तक्त्यात त्या दोहोंवाचून काहीच नव्हते.

आता त्या पावसाळ्याविषयी. मे २०१० मध्ये सात पतसंस्थांना ६०० टोकने दिली, त्यासाठी चाळीस हापूस कलमांची वडिलोपार्जित बाग गहाण ठेवली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने जोर धरला आणि पंधरा दिवसांत दूरध्वनी सुरू झाले. कोणाचे आकडे जुळेनात, कोणाचा पडदा कोरा. आठवड्याला चार मिनिटे मागे पडणारे घड्याळ उन्हाळी खात्याच्या कक्षेत कसे बसणार? मी तीन आठवडे माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो, आणि ती तेथे नव्हतीच.

ती सापडली भागीदाराला. स्फटिकाच्या पायाला ऑसिलोस्कोपची तार, म्हणजे प्रोब, थेट लावला तर प्रोबच्या भारानेच तो थांबतो, म्हणून त्याने घड्याळाचा ठोका चिपच्या एका रिकाम्या पायावर बाहेर काढला, ऑसिलोस्कोप लावला आणि बोर्डावर तोंडाने वाफ सोडली. पडद्यावरची लाट अडखळली, रुंदावली आणि थांबली. पंख्याखाली धरताच काही वेळाने पुन्हा सुरू झाली. बोर्ड जोडून देणाऱ्याने ‘धुवावा लागत नाही’ अशा जातीचा फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगसाठी लावायचे रसायन, वापरला होता. कोरड्या गावी त्याचा थर निरुपद्रवी राहिला असता, पण आमच्या खाऱ्या, ओल्या हवेत त्या थराने पाणी धरले आणि एक मायक्रोअँपिअरहूनही कमी विजेवर चालणाऱ्या त्या नाजूक मंडलातून गळती सुरू झाली. भागीदार म्हणाला, “साहेब, तुमचं गणित बरोबर आहे, बोर्ड घाणेरडा आहे.”

सर्व ६०० टोकने परत मागवली. आयसोप्रोपिल अल्कोहोल, दात घासायचे ब्रश, मग सुकवणे, मग अ‍ॅक्रेलिकचा लेप, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. घरची मंडळी, भागीदाराचा पुतण्या आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याची मुलगी असे सारे बसले. गणपतीच्या आदल्या दिवशी शेवटचे टोकन बंद केले.

तोपर्यंत सातपैकी पाच पतसंस्था गेल्या होत्या. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस ऑगस्टमध्ये येऊन गेला. एसएमएसवर कोड पाठवू, हातात काहीच द्यायला नको, बिघडायचा प्रश्नच नाही, असे त्याने सांगितले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाईन व्यवहारांना अतिरिक्त पडताळणी बंधनकारक केली होती, त्यामुळे असल्या बोलण्याला बाजारात वजनही होते. आमच्या ग्राहकांची नावे त्याला आमच्याकडून नोकरी सोडून गेलेल्या मुलाने पुरवली. त्या मुलाला हे काम मीच शिकवले होते. याबद्दल अधिक लिहिण्याची इच्छा नाही, तरी इतके सांगतो की ग्राहकांची यादी आणि सीडची, म्हणजे टोकनांतल्या गुप्त किल्ल्यांची, फाईल या दोन गोष्टी धंद्यात एकाच माणसाच्या संगणकावर ठेवू नयेत, आणि सीड तर ईमेलने कोणालाही, अगदी ग्राहकालाही पाठवू नये.

जे राहिले त्यांत गुहागर तालुक्यातील एका पतसंस्थेचे अध्यक्ष होते, निवृत्त शिक्षक, सर्वजण त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या गावात पावसाळ्यात मोबाईलचा एकही पट्टा टिकत नसे. मी माफी मागायला गेलो, तेव्हा त्यांनी ओटीवर बसवून कोकम सरबत दिले आणि म्हणाले, “बाबा रे, एसएमएसवाला आला होता. त्याला म्हटलं, इथे उभा राहून एक मेसेज पाठवून दाखव. तुझी टोकनं धुऊन आण, तोवर वही आहे.” त्यांनी चाळीस टोकनांची रक्कम आगाऊ दिली. बागेचे पुढील दोन हप्ते त्यातूनच फिटले. ते नसते तर या वाटचालीला दुसरे पान नसते.

त्यानंतरची दहा वर्षे नियमित गेली. टोकन फोनमध्ये शिरले, एजंटांकडे स्मार्टफोन आले आणि आमचे काम वाढले. भागीदार २०१६ साली डोळ्यांच्या त्रासामुळे निवृत्त झाला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने, निस्टने, एसएमएसवरील पडताळणीला ‘मर्यादित’ वर्गात टाकले, तेव्हा मी ते पान छापून गाळ्याच्या भिंतीला लावले. माझा मुलगा म्हणतो, हे पोरकट आहे. असेल.

८ मार्च २०२१ चा सोमवार मात्र मी विसरणार नाही. त्या दिवशी व्यापारी संदेशांची नवी छाननी सुरू झाली आणि देशभर ओटीपी अडकून पडले. २०१० साली सोडून गेलेल्या पाचपैकी तिघांचे दूरध्वनी त्याच आठवड्यात आले. मी जुना विषय काढला नाही, दर मात्र २०१० चा लावला नाही. एसएमएस स्वस्त होता आणि ज्या गावात रेंज होती तेथे तो चाललाही, हे मान्य करायला हवे. माझे म्हणणे पहिल्यापासून एवढेच की कोड ज्याचा आहे त्याच्या हातातच तयार व्हावा, वाटेत कोणाचे उपकार नसावेत.

आता पासकीचे, म्हणजे पासवर्डऐवजी साधनातल्या गुप्त किल्लीने ओळख पटवण्याचे, दिवस आले आहेत. त्यामागचे वेबऑथन हे प्रमाण २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस झाल्यापासून मुलगा त्यातच गुंतलेला आहे, आणि त्यात खाजगी किल्ली सर्व्हरकडे जात नाही हे पाहून मला बरे वाटते. तरी गुरुजींच्या पतसंस्थेला अजून बटणाची टोकनेच हवी असतात. तेथील नव्या चाळीस टोकनांचे बोर्ड धुऊन झाले आहेत, लेप द्यायचा आहे आणि मिरगापूर्वी ते काम हातावेगळे करायचे आहे.