बाबांच्या पेटीतल्या सात हातोड्या

बाबा गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी दोन वर्षं पलंगाखालीच होती. यंदा भाच्याला नंदानगरच्या आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड मिळाला आणि आईनेच विषय काढला. "त्याला देऊन टाक. पण कशाला काय म्हणतात ते लिहून दे, नाहीतर सगळ्यांना हातोडी म्हणून मोकळा होईल."

पेटीत सात निघाल्या. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून शब्दांचं काम माझ्याकडे आलं. चिठ्ठ्या कापल्या, सुतळी घेतली, पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर 'हातोडी' लिहिलं आणि तिसरीपाशी पेन थांबलं. वस्तू सात, साती निराळ्या, आणि माझ्याकडे शब्द दोनच, हातोडा नि हातोडी.

आईकडे तिसरा होता. तिचं माहेर चिपळूणचं. सगळ्यात जड होती तिला हात लावून म्हणाली, "हा मार्तूल." इंदूरमध्ये हा शब्द मी तिच्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. पोर्तुगिजांचा मार्तेलो कोकणात मार्तूल झाला, जशी चावी आली, पगार आला, घमेलं आलं. बाबा त्याच वस्तूला घण म्हणत, मिलमध्ये हिंदीत घन. घरी ण, कामावर न. मी चिठ्ठीवर 'घण' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात 'आजीचा मार्तूल'.

बाकीच्यांसाठी बाबांच्या बरोबरीने काम केलेल्या काकांकडे गेले. ते परदेशीपुऱ्यात राहतात, आता नीट दिसत नाही, पण पेटी उघडल्यावर एकेक हातात घेऊन बोटांनीच ओळखत गेले. एका बाजूला सपाट तोंड आणि दुसऱ्या बाजूला गोळा, अशा दोन होत्या, लहान आणि मोठी. "ही बॉल पीन. तोंडाने छिन्नीवर मारायचं, गोळ्याने रिव्हेटचं डोकं फुलवायचं." दुकानदार पिन म्हणतात म्हणून मी आजवर तिचा संबंध टाचणीशी लावत होते. पीन म्हणजे हातोडीच्या तोंडाची उलटी बाजू, आणि तिचा आकार बघून नाव पडतं. मोठीवर २ आकडा कोरलेला होता. मला तो नंबर वाटला. काका म्हणाले, पाउंड. दांडा सोडून नुसत्या डोक्याचं वजन, म्हणजे ९०० ग्रॅमला जरा जास्त. नव्या हातोड्यांवर ग्रॅम असतात.

चौथीची पीन पाचरीसारखी होती, दांड्याला आडवी. ती क्रॉस पीन. तशीच पाचर दांड्याच्या रेषेत असली की स्ट्रेट पीन. "दोन कशाला लागतात?" मी विचारलं. काकांनी पत्रा कसा सरकतो ते समजावलं, ते माझ्या डोक्यात शिरेना. घरी येऊन आईला तेच सांगितलं तर तिने पोळपाट पुढे ओढला. लाटणं आडवं धरून दाबलं, पारी पुढेमागे वाढली. उभं धरलं, पारी डावीउजवीकडे पसरली. लाटणं जसं असेल त्याच्या आडव्या दिशेला कणीक सरकते, आणि पिनेखाली लोखंडही तसंच. क्रॉस पीनने मारलं की धातू मारणाऱ्याच्या पुढेमागे ताणला जातो. हे मला कुठल्याही आकृतीतून इतकं स्वच्छ कळलं नसतं. भाच्याच्या वहीत मी पोळपाटाचंच चित्र काढून दिलं आहे.

पाचवी तांब्याची, सहावी लाकडाची मोगरी. तांबं मशीनच्या पोलादी शाफ्टपेक्षा मऊ, त्यामुळे घाव बसतो पण मशीनच्या भागाला खोच पडत नाही. खोच पडायचीच असेल तर ती हातोडीला पडते. याच्या उलट नियम पोलादी हातोड्यांचा. मी दोन बॉल पीन सहज एकमेकींवर आपटून पाहिल्या, तर काकांनी झडप घालून हात धरला. "पोरी, हातोडीवर हातोडी कधी मारायची नाही!" दोन्हींची तोंडं पाणी देऊन कडक केलेली असतात, टवका उडतो तो थेट डोळ्यात. मधला भाग मुद्दाम मऊ ठेवतात, तो धक्का सोसतो.

दोन पाउंडवालीचं डोकं डुगडुगत होतं. आई अशा वेळी हातोडी रात्रभर बालदीत बुडवून ठेवायची. काका म्हणाले, लाकूड फुगतं तेवढ्यापुरतं, सुकलं की आधीपेक्षा सैल. म्हणून लोहारपट्टीतून बाभळीचा दांडा आणला. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या बघून घेतला, तिरप्या रेषांचा दांडा तिथूनच फाटतो. डोक्यातलं भोक मला सरळ नळीसारखं वाटलं होतं, पण ते डमरूसारखं असतं, मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद. एका बाजूने दांडा घट्ट बसतो, दुसऱ्या बाजूला त्याच्या चिरेत पाचर मारून लाकूड फुलवायचं. डोकं चढवताना त्यावर ठोकायचं नसतं. हातोडी उलटी लोंबती धरायची आणि दांड्याच्या वरच्या टोकावर मोगरीने मारायचं. खाली लोंबणारं डोकं आपल्या जडत्वामुळे जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यात उतरतो. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी लाकडी पाचर, तिला आडवी लोखंडी पाचर, वरून अळशीचं तेल.

सातवी मात्र काकांनाही ओळखता आली नाही. छोटी, दोन्ही बाजूंना किंचित फुगीर तोंड, आणि तोंड आरशासारखं. "ही मिलमधली नाही," एवढंच म्हणाले. सियागंजमध्ये तीन दुकानं फिरले. प्रत्येकाने तेच विचारलं, "बेन जी, बॉल पिन दूँ कि क्रॉस पिन?" मग बर्तन बाजारात, जिथे अजून ठोकठोक ऐकू येते, एका म्हाताऱ्या कसेऱ्यापुढे, म्हणजे भांडी घडवणाऱ्यापुढे, ठेवली. त्याने तोंडावरून अंगठा फिरवला. "ये तो मठारने की है।"

मठारणे! शब्द माझ्या भाषेतलाच होता, आणि मी तो वर्षानुवर्षं वापरला नव्हता. भांडं आकाराला आलं की त्यावर हलके, सारखे, एकाला लागून एक घाव घालायचे, तांबं घट्ट होतं आणि अंगावर ते चमकते ठिपके उठतात. हातोडीच्या तोंडावर ओरखडा असला तर तो प्रत्येक ठिपक्यात उमटतो, म्हणून तोंड आरशासारखं. कसेऱ्याने बजावलं, "इससे कील मत ठोकना।"

आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, बाबांचे मामा तांबट होते. मिलमध्ये लागायच्या आधी बाबा वर्षभर त्यांच्या हाताखाली बसत. मला हे माहीत नव्हतं. माजघरातला तो ठिपक्यांचा तांब्याचा हंडा कुठून आला, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सहा हातोड्या चिठ्ठ्यांसकट भाच्याकडे गेल्या. सातवीच्या चिठ्ठीवर 'मठारायची हातोडी' लिहिलं, तोंडाला तेलाचं फडकं गुंडाळलं आणि हंड्यात ठेवली.